कॉक्टो ट्विन्स

कॉक्टो ट्विन्स : स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ या तेलशुद्धीकरणाच्या गावी १९७९ च्या सुमारास निघालेला बँड, विघटन १९९७. गिटारवादक रॉबिन गथ्री आणि बेसवादक विल हेगी हे संस्थापक. गायिका एलिझाबेथ फ्रेझर साधारण १९८१ मध्ये आली. ध्वनिमुद्रणांतला ताल मुख्यतः ड्रम मशीनचा.

या बँडशी जोडल्या जाणाऱ्या ड्रीम पॉप या धूसर, घुमणाऱ्या नादाच्या शैलीचा आरंभ कुठून धरावा याविषयी मतभेद आहेत. ‘गार्लंड्स’ (१९८२) हा पहिला अल्बम काहीजण प्रमाण मानतात. परंतु त्यातला हेगीचा जड, पुढे आलेला बेस आणि एकूण घडण पोस्ट-पंकच्या (पंक रॉकनंतरच्या प्रयोगशील रॉकच्या) जवळची आहे. हेगी गेल्यावर दोघांनीच केलेल्या ‘हेड ओव्हर हील्स’मध्ये (१९८३) गिटारचे थर हाच गाण्याचा पाया होतो, त्यामुळे ते साल अधिक ग्राह्य वाटते. शैलीचे नाव मात्र नंतरचे; ते सहसा ए. आर. केन या जोडीतल्या ॲलेक्स अयुलीकडे जाते.

गथ्री साध्या सुरावटी थरांवर थर देत मुद्रित करी. ही धाटणी साधू पाहणाऱ्यांचा घोटाळा बहुधा गिटारच्या ध्वनिपरिणामांच्या (इफेक्ट्स) क्रमात होतो. रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) नंतर डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा परिणाम) जोडले की घुमाऱ्याची शेपटीही फाटते आणि सगळे गढूळ होते. आधी डिस्टॉर्शन, मग कोरस (आवाज दुणावणारा परिणाम), डिले (प्रतिध्वनी), शेवटी रिव्हर्ब हा क्रम सुरक्षित. डिले लयीशी बांधावा : मिनिटाला १०० मात्रा असतील तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ४५०, पाऊण मात्रेचा प्रतिध्वनी आघातांच्या मधल्या फटींत पडतो. रिव्हर्बमधले सुमारे २०० हर्ट्झखालचे स्वर कापले नाहीत, तर बेस त्यात बुडतो.

फ्रेझरच्या शब्दांना निरर्थक म्हणणे अन्यायाचे आहे. परक्या भाषांची पुस्तके, शब्दकोश यांतून ती नादासाठी शब्द वेचत असे. तराण्याचे बोल ऐकलेल्या कानाला यात अडचण येऊ नये. ‘ट्रेझर’मध्ये (१९८४), सायमन रेमंड बेसवर आल्यानंतर, हा आवाज पूर्ण फुलला. रेमंडविना केलेला ‘व्हिक्टोरियालँड’ (१९८६) जवळजवळ तालाविनाच चालतो. त्यात रिचर्ड टॉमस याचे सॅक्सोफोन व तबला आहेत. ‘हेवन ऑर लास व्हेगस’ (१९९०) ब्रिटिश अल्बम-विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यात शब्द स्पष्ट ऐकू येतात, तरी नादाची जादू तसूभरही उणावत नाही. बँडचे सर्वोत्तम काम तेच.

पुढे ‘फोर-एडी’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी सोडून ‘फोर-कॅलेंडर कॅफे’ (१९९३) व ‘मिल्क अँड किसेस’ (१९९६) हे अल्बम फाँटाना या कंपनीतर्फे निघाले.