कुंडीतली गिट्टी आणि अधांतरी पाणी

इंदूरच्या कुठल्याही नर्सरीतून रोप घेऊन निघालं की पिशवीबरोबर एक सल्ला फुकट मिळतो: "नीचे दो इंच गिट्टी डाल देना, पानी निकल जाएगा." रामबागेतल्या जुन्या घरांपासून सुदामानगरच्या गच्च्यांपर्यंत हा सल्ला इतका मुरलाय, की गिट्टीशिवाय कुंडी भरणारा माणूस आळशी ठरतो. गिट्टी नसेल तर खापऱ्या, विटांचे तुकडे, हल्ली थर्माकोलसुद्धा. तर्क सरळ वाटतो. गिट्टीत मोठ्या फटी असतात, मोठ्या फटींतून पाणी भराभर वाहतं, म्हणजे कुंडीतलं पाणी लवकर निघून जाणार.

गिट्टीतून पाणी भराभर वाहतं हे खरंच आहे. पण त्याआधी ते मातीतून गिट्टीत उतरायला हवं, आणि ते उतरत नाही. मातीचा खालचा थर चिंब भरेपर्यंत पाणी गिट्टीच्या डोक्यावर अधांतरी अडून बसतं. गिट्टीमुळे कुंडीतलं साचलेलं पाणी कमी होत नाही, फक्त दोन इंच वर सरकतं. म्हणजे मुळांच्या आणखी जवळ.

हे पटायला कठीण जातं, कारण पाणी खाली जातं एवढंच आपण गृहीत धरतो. मातीतल्या पाण्याला दोन मालक असतात. एक गुरुत्वाकर्षण, दुसरं केशाकर्षण. शाळेत काचेची बारीक नळी पाण्यात धरून पाणी वर चढताना पाहिलं असेल. नळी जितकी बारीक, तितकं पाणी वर. हिशेब तोंडी करता येतो: 0.3 ला नळीच्या व्यासाने भागायचं, दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये. 1 मि.मी. व्यासाच्या नळीत पाणी 3 सें.मी. चढतं, 0.1 मि.मी.च्या नळीत 30 सें.मी. आणि 0.01 मि.मी.च्या नळीत चक्क 3 मीटर. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या म्हणजे अशाच नळ्या, वाकड्यातिकड्या आणि कमीजास्त जाडीच्या. ज्या ताकदीने त्या पाणी वर खेचतात, त्याच ताकदीने खाली जाणारं पाणी धरूनही ठेवतात.

आता कुंडीला भरपूर पाणी घाला आणि भोकातून ठिबकणं थांबेपर्यंत वाट पाहा. ठिबकणं थांबलं म्हणजे जादा पाणी गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात तळाजवळचे काही सेंटिमीटर अजून काठोकाठ भरलेले असतात. मातीतलं पाणी ओढून धरलेलं असतं, म्हणजे त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. थेंब सुटायचा तर तळाशी तो दाब हवेइतका व्हावा लागतो, आणि तसा तो तळाचे कण पूर्ण भिजल्यावरच होतो. तळापासून जितकं वर जाल, तितकी पाण्यावरची ओढ वाढत जाते आणि मोठ्या पोकळ्या आधी रिकाम्या होतात. चिंब पट्टा किती उंच असेल, ते मातीतल्या पोकळ्यांची जाडी ठरवते. कुंडीची उंची किंवा रुंदी नाही. मातीतल्या पाण्यावरच्या या ओढीला मोजता येण्याजोगी राशी म्हणून मांडलं ते एडगर बकिंगहॅम या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने, 1907 साली.

गिट्टीचं गणितही त्याच सूत्रात बसतं. 5 मि.मी.ची फट केशाकर्षणाने पाणी जेमतेम 6 मि.मी. खेचते. वरच्या बारीक मातीच्या ओढीपुढे ही ताकद नगण्य, जवळजवळ मोकळ्या हवेसारखी. म्हणून मातीच्या लेखी कुंडीचा तळ गिट्टी सुरू होते तिथेच येतो. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत वॉल्टर गार्डनर यांनी 1959 मध्ये काचांच्या मध्ये मातीचे पातळ थर भरून हे सगळ्यांना डोळ्यांनी दाखवलं: वरून येणारं पाणी जाड थरापाशी थबकतं, आडवं पसरतं आणि वरची माती भरल्यावरच खाली उतरतं. गोल्फच्या मैदानांची हिरवळ बांधणारे तर याचा मुद्दाम फायदा घेतात. साधारण 30 सें.मी. वाळूखाली 10 सें.मी. खडी घालतात. वाळूत पाणी टिकावं आणि मुसळधार पावसात जादा पाणी तेवढं निघून जावं, असे दोन्ही हेतू त्यात साधतात. जी रचना ते पाणी धरायला वापरतात, तीच आपण पाणी काढायला वापरतो.

खात्री करायची असेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं पूर्ण थांबू द्या. मग न पिळता उभा करा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणीही तेच. आडव्या स्पंजाची उंची त्याच्या चिंब पट्ट्याहून कमी होती म्हणून तो जवळपास पूर्ण भरून होता. उभा केल्यावर वरचा भाग त्या पट्ट्याच्या वर आला आणि रिकामा झाला.

आता कुंडीचे आकडे. समजा तुमच्या मिश्रणात चिंब पट्टा 8 सें.मी.चा आहे. 30 सें.मी. मातीच्या कुंडीत मुळांना हवेशीर 22 सें.मी. मिळतात. 5 सें.मी. गिट्टी घातली की माती उरते 25, त्यातून 8 वजा केले की 17. हेच 15 सें.मी.च्या छोट्या कुंडीत करा: गिट्टीशिवाय 7 सें.मी., गिट्टी घालून फक्त 2. उथळ कुंडीत रोपं जास्त सडतात ती यामुळे, आणि "छोटी कुंडी आहे, गिट्टी जरा जास्त घाला" हा सल्ला म्हणूनच सगळ्यात घातक.

चिंब पट्ट्यात मुळांचं काय होतं? ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. मुळं आणि मातीतले जंतू मिळून असलेला साठा एकदोन दिवसांत संपवतात, वरून नवा येत नाही. श्वास कोंडलेलं मूळ पाणी ओढायचं थांबतं, त्यामुळे भिजलेल्या मातीत उभं असूनही रोप माना टाकतं. घरातल्यांना वाटतं तहान लागली, आणि आणखी एक तांब्या ओतला जातो. पिथियम आणि फायटोफ्थोरा या मूळकुजीच्या रोगकारकांचे बीजाणू पाण्यात पोहत जाऊन मुळाला चिकटतात. त्यांना याहून सोयीचं काय हवं?

हे चित्र तुळशीच्या बाबतीत दरवर्षी दिसतं. आषाढ-श्रावणात चार दिवस झड लागली की वृंदावनातली तुळस काळवंडते आणि "तुळस जळली" म्हणून घरात कुजबूज सुरू होते. कुणाचा तरी विटाळ झाला, सावली पडली, घरावर काही येऊ घातलंय. शिकल्यासवरल्या घरांतही पाळीच्या दिवसांत सुनेला तुळशीपासून लांब उभं करतात ते याच समजुतीने. सिमेंटच्या वृंदावनाला बऱ्याचदा तळाशी भोकच नसतं, असलं तर मुळांनी बुजलेलं असतं, आणि आत गिट्टीवर दाबून भरलेली काळी माती. त्यात तुळस जगली तरच नवल. सुनेची सावली नव्हे, वाडग्यासारखा बंद तळ तपासा.

काळ्या मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माळव्यात कुंडी भरायला हाताशी तीच असते. डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही माती मॉन्टमोरिलोनाइट गटातल्या, भिजली की फुगणाऱ्या चिकणमातीने भरलेली असते. चिकणमातीचा कण 0.002 मि.मी.हून लहान. मघाचं सूत्र लावा: 0.01 मि.मी.ची पोकळी पाणी 3 मीटर धरू शकते, तर 30 सें.मी.च्या कुंडीत चिंब पट्टा किती उंच? अख्खी कुंडी. सुरुवातीला ढेकळांमधल्या फटींतून पाणी जातं आणि निचरा छान वाटतो. पण दोन पावसांत ढेकळं विरघळतात, माती फुगते, फटी मिटतात. उन्हाळ्यात उलट. ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, घातलेलं पाणी त्या कडेच्या फटीतून पाच सेकंदांत खाली येतं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. पाणी घातल्याघातल्या भोकातून वाहिलं तर निचरा चांगला आहे असं समजू नका. कुंडी उचलून पाहा. हलकी लागली तर टबात कुंडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी घेऊन तासभर बुडवून ठेवा.

मग काळ्या मातीत वाळू मिसळायची? इथे दुसरा गैरसमज. दोन भाग मातीत एक भाग वाळू घातली तर वाळूचे दाणे चिकणमातीत शिऱ्यातल्या बेदाण्यासारखे सुटे तरंगतात आणि नवी फट तयारच होत नाही. जाड दाणे एकमेकांना टेकले, तरच त्यांच्यामध्ये पोकळी राहते. सारख्या आकाराच्या दाण्यांच्या ढिगात साधारण 40 टक्के जागा पोकळ असते. बारीक पदार्थ त्या 40 टक्क्यांहून कमी असला पाहिजे. त्याहून जास्त झाला की दाणे एकमेकांपासून सुटतात आणि सगळा खटाटोप वाया.

12 इंची कुंडीत साधारण 14 ते 15 लिटर माल मावतो. पावसाळा सोसेल असं मिश्रण: विटेचे दाणे 8 लिटर, नारळाच्या सोडणाचे तुकडे 4 लिटर, चाळलेलं कंपोस्ट 3 लिटर, काळी माती 1 लिटर. बेरीज 16 होते पण ढीग त्याहून लहान भरतो, कारण बारीक माल दाण्यांच्या पोकळीत शिरतो. जाड माल 12 लिटर, त्यातली पोकळी पावणेपाच, बारीक माल 4. हिशेब बसतो. जुनी वीट फोडून आधी 6 मि.मी.च्या जाळीतून चाळा, खाली पडलेलं पुन्हा रव्याच्या चाळणीतून. मधे उरलेले दाणे घ्या, भुकटी टाकून द्या, कारण ती भुकटीच पोकळ्या बुजवते. सिमेंट चिकटलेली वीट नको, ती मिश्रण अल्कधर्मी करते. सोडणाऐवजी कोकोपीट घालू नका. कोकोपीट विकणारे त्याला सर्व रोगांवरचं औषध म्हणून विकतात, पण ते बारीक असतं आणि पाणी धरण्यासाठीच प्रसिद्ध आहे. काळी माती मात्र पूर्ण हद्दपार करू नका. अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात ती तरबेज असते.

कंपोस्टबद्दल तर इंदूरने जगाला शिकवलंय. 1924 ते 1931 या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवलेली पद्धत आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिचा गाभाही हवाच: खड्डा उथळ ठेवायचा, माल ठरावीक वेळी उलटायचा, आणि पावसाळ्यात खड्डा सोडून जमिनीवर ढीग रचायचा, कारण खड्ड्यात पाणी साचलं की हवा संपते.

आधीच भरलेली कुंडी आता पावसाच्या तोंडावर उपसता येणार नाही. तिच्यासाठी तीन उपाय. पहिला, कुंडी तिरपी करा. एका बाजूखाली वीट सरकवून, भोक सगळ्यात खालच्या कोपऱ्याला येईल अशी. चिंब पट्ट्याची उंची तेवढीच राहते, पण तो पट्टा आता फक्त कोपऱ्यात मावतो. दुसरा, वात लावा. पोछ्याची जाड सुती दोरी ओली करून भोकातून 5 सें.मी. आत सरकवा, 15 सें.मी. खाली लोंबती ठेवा आणि कुंडी विटांवर उचलून धरा. दोरी केशनळीचं काम करते आणि कुंडीचा तळ जणू 15 सें.मी. खाली नेते. सूत एका पावसाळ्यात कुजतं, पुढच्या ज्येष्ठात बदला. तिसरा, अंगण असेल तर कुंडी फरशीवरून उचलून थेट जमिनीवर टेकवा. भोकातली माती जमिनीला चिकटून राहिली पाहिजे, मध्ये गिट्टी किंवा ताटली नको. जमिनीची बारीक माती कुंडीतलं पाणी ओढून घेते. भोकावर माती गळू नये म्हणून एक खापरी किंवा मच्छरजाळीचा तुकडा चालतो. एक, थर नव्हे.

मे महिन्यात गच्चीवर मात्र हेच अधांतरी पाणी कामाला येतं. वर दिलेल्या मोकळ्या मिश्रणाला तेव्हा रोज सकाळी, लहान कुंडीला दोन वेळा पाणी लागेल. जमत नसेल तर सोडण कमी करून कंपोस्ट अर्धा लिटर वाढवा, त्याहून जास्त नाही. आणि ज्यांना पाय ओले आवडतात त्यांना काळी माती खुशाल द्या: अळू, कर्दळ, ब्राह्मी. वडीचं अळू तर उथळ पसरट कुंडीत काळ्या मातीवरच माजतं.

शेवटची गडबड रोप लावताना होते. नर्सरीच्या पिशवीतला गोळा बहुधा घट्ट, बारीक मातीचा असतो. तो तसाच मोकळ्या मिश्रणात ठेवला तर बारीक आणि जाड यांची तीच सीमा आता गोळ्याभोवती तयार होते. पावसात पाणी गोळ्यातून बाहेर निघत नाही, आणि एकदा कोरडा पडला की पाणी त्याला टाळून बाजूने वाहून जातं. गोळा बादलीत अर्धा तास भिजवा, बाहेरची दोन बोटं माती हलक्या हाताने धुऊन मुळं मोकळी करा, ती नव्या मिश्रणात पसरवा आणि मगच कुंडी भरा. तळाशी मात्र काही घालू नका.