सोंगाडी डोंगल : मोडेम, फ्लॅश आणि लिनक्स कर्नल

२००९-१०च्या आसपास सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचं इंटरनेट म्हणजे लॅपटॉपला खोचलेलं डोंगल, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून इंटरनेट देणारा छोटा मोडेम. विंडोजवर ते निमूट चालायचं. लिनक्सवर खोचलं की सीडी ड्राइव्ह उगवायचा आणि मोडेमचा पत्ताच नसायचा. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं : "विंडोज टाका."

बिघाड काहीच नव्हता. डोंगलच्या पोटात विंडोजचे ड्रायव्हर भरलेले असत आणि ते आपोआप बसावेत म्हणून डोंगल आधी सीडीचं सोंग घेई. ठरावीक खूण मिळाली की सोंग उतरवून मोडेम होई. लिनक्सवर ही खूण करायचं काम यूएसबी-मोडस्विच नावाच्या छोट्या प्रोग्रामने पत्करलं. पुढचं काम कर्नलमधल्या, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यातल्या, 'ऑप्शन' ड्रायव्हरचं. (हा 'पर्याय' नव्हे बरं का, ऑप्शन ही मोडेम बनवणारी बेल्जियन कंपनी.)

पण सीडीखाली आणखी एक सोंग होतंच. थ्रीजी मोडेम कर्नलला सीरियल पोर्ट (जुन्या टेलिफोन मोडेमची जोडणी) म्हणून दिसे आणि बोलायचं ते १९८१च्या हेज स्मार्टमोडेमच्या एटी आज्ञांमध्ये. तार नाही, रिसीव्हर नाही, तरी *९९# 'फिरवायचा'! वेग वाढला तसं हे ओझं झालं. २०१२मध्ये कर्नल ३.४ मध्ये क्यूएमआयचा (मोडेमशी बोलायची नवी भाषा) ड्रायव्हर आला आणि मोडेम सरळ नेटवर्क कार्डासारखा दिसू लागला.

फ्लॅशची, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीची, गोष्ट याहून जुनी. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४मध्ये मांडली, तिचा पेन ड्राइव्हमध्ये वापरतात तो नँड प्रकार १९८७मध्ये. ही अशी पाटी, की एक अक्षर खोडायचं तरी मोठा चौकोन अख्खा पुसावा लागतो, आणि पुसून पुसून तो चौकोन झिजतो. पेन ड्राइव्हमधला कंट्रोलर हे सगळं झाकून डिस्कचं सोंग आणतो. घरातल्या वायफाय राउटरमध्ये मात्र बहुधा चिप उघडीच असते, म्हणून झीज, खराब चौकोन, मधेच गेलेली वीज हे सगळं कर्नलनेच सांभाळायचं. (वीज जाण्याबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको.) त्यासाठी डेव्हिड वुडहाउस यांनी कर्नलमध्ये एमटीडी हा फ्लॅश चिपांशी बोलणारा थर उभारला. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने आपल्या उपकरणांसाठी जेएफएफएस ही फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची व्यवस्था) लिहिली होती. तिची दुसरी आवृत्ती वुडहाउस यांनीच २००१मध्ये आणली. ती चालू होताना सगळी फ्लॅश चाळत बसे. चिपा मोठ्या झाल्या तशी ही चाळणी नकोशी झाली, आणि २००८मध्ये नोकिया व हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठाच्या मंडळींनी केलेली यूबीआयएफएस ही नवी फाइल सिस्टिम कर्नलमध्ये दाखल झाली.

मोबाइलवाल्यांनी मात्र कंट्रोलर चिपेतच बसवून टाकला, म्हणजे डिस्कचं सोंग परत आलं. फेब्रुवारी २०१३च्या कर्नल ३.८ मध्ये या दोन्ही गोष्टींचे धागे एकत्र दिसतात. त्यात मोडेमसाठी एमबीआयएम (मोडेमशी बोलायची आणखी एक भाषा) ड्रायव्हर आला, जुन्या डायलिंगचं सोंग टाकून. आणि त्याच आवृत्तीत सॅमसंगची एफटूएफएस ही फाइल सिस्टिम आली, जी फ्लॅशचं सोंग ओळखून आहे, तरीही ते मोडत नाही. कंट्रोलरला सोयीचं पडेल अशा बेताने लिहीत जाते.