बॅलन्स्ड जोडणी, घरगुती हेडफोन संचातील

बॅलन्स्ड जोडणी : ध्वनीचा सिग्नल दोन तारांवरून नेऊन पलीकडच्या टोकाला त्या दोन तारांमधला फरक तेवढा घेण्याची पद्धत. दोन्ही तारांचा जमिनीच्या संदर्भातला इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) सारखा ठेवलेला असतो. त्यामुळे वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. सहसा एका तारेवर सिग्नल सुलटा आणि दुसरीवर उलटा पाठवतात, म्हणून या उलटसुलटपणामुळेच गोंगाट कटतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सिग्नल एकाच तारेवर असला, तरी दोन्ही तारांचा इम्पीडन्स जुळत असेल तर गोंगाट कटतोच. पद्धत टेलिफोनच्या काळातली आहे. तारांच्या पिळलेल्या जोडीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ मध्ये मिळाले.

खानदेशात ही जोडणी बहुतेकांच्या नजरेस पडते ती लग्नाच्या मांडवात. स्टेजवरच्या माइकपासून मिक्सरपर्यंत, जनरेटरच्या केबलला खेटून, लांबच लांब काळी वायर गेलेली असते आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा गोल कनेक्टर असतो. कागदावर त्याचे नाव एक्सएलआर. साउंडवाले त्याला कॅनन म्हणतात. पिन १ वर शील्ड (तारांभोवतीचे धातूचे वेष्टन), २ वर सुलटा सिग्नल, ३ वर उलटा. माइकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, वायर लांब आणि शेजारी २३० व्होल्ट, अशा ठिकाणी बॅलन्स्डला पर्याय नाही. अहिराणी गाणी घरच्या खोलीत रेकॉर्ड करणाऱ्यांनाही कंडेन्सर माइकसाठी हीच वायर लागते, कारण माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा याच दोन तारांवरून जातो.

टेबलावरच्या हेडफोन संचाची गोष्ट निराळी आहे. लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला डॅक (डिजिटल आकड्यांचा ध्वनीचा सिग्नल करणारी डबी), डॅकपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत मीटरभर वायर आणि पुढे हेडफोन. डॅकच्या आरसीए, म्हणजे साध्या, बॅलन्स्ड नसलेल्या सॉकेटवर साधारण २ व्होल्ट मिळतात, एक्सएलआरवर बहुधा ४. एवढ्या जोरकस सिग्नलला एवढ्याशा वायरीत बाहेरून फारसा धोका नसतो. तरीही कानात घुंऽऽ ऐकू येते, आणि त्याचे मूळ वायरीत नसून बहुतेक वेळा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असते.

जुन्या धाब्याच्या घरात वायरिंग नंतर ओढलेले. सॉकेट तीन पिनांचे दिसते, पण वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाच्या मागे कधीकधी तारच नसते. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अल्पसा प्रवाह सतत गळतो आणि अर्थिंग नसेल तर लॅपटॉपची धातूची बॉडी मुख्य पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजला तरंगत राहते. हाताचा पालथा भाग हलकेच फिरवला तर झिणझिण्या येतात, त्या याच्याच. हा प्रवाह जमिनीत जायला वाट शोधतो आणि त्याला सापडते ती ऑडिओ केबलची शील्ड. आरसीए वायरीत शील्ड हीच सिग्नलची परतीची तारही असते, म्हणून ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर गाण्यात मिसळतात. खात्री करून घ्यायची असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. घुंऽऽ जागच्या जागी थांबली तर दोष डॅकचाही नाही आणि हेडफोनचाही नाही.

अर्थिंग असले तरी तापी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत ते बाराही महिने सारखे राहत नाही. ओली असताना ही माती विजेला चांगली वाट देते. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळली की पट्टी किंवा पाइप आणि माती यांचा संपर्क सुटतो आणि रोध वाढतो. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलेला असतो तो यासाठीच, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहण्याचा वायरमनचा सल्ला मुळीच जुनाट नाही. जळगावच्या उकाड्यात दिवसभर चालणाऱ्या कूलरचे बटण दाबताच हेडफोनमध्ये ‘टक्’ होते, ते मात्र अर्थिंगने जाईलच असे नाही. तो स्विचच्या ठिणगीचा झटका असतो. घुंऽऽ घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे भेटतात. आवाज जातो हे खरे, पण बॉडीत करंट उतरला तर तो हेडफोन घातलेल्या माणसातून जाईल. अर्थिंग दुरुस्त होण्यासारखे नसेल, तर डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एक्सएलआर वायर टाकावी. घरात बॅलन्स्ड जोडणी पैसे वसूल करते ती इथे.

हेडफोनच्या सॉकेटवर ‘बॅलन्स्ड’ लिहिलेले असते, तिथे गोंगाट कापण्याचा संबंध जवळजवळ नसतो. हेडफोनच्या ड्रायव्हरपुढे (आतल्या छोट्या स्पीकरपुढे) वजाबाकी करणारे सर्किट नसते, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स इतका कमी असतो की वायरीत काही शिरायला वाव नाही. इथे प्रत्येक ड्रायव्हरच्या दोन्ही टोकांना वेगवेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडतात. एक ढकलतो, दुसरा ओढतो. व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त, आणि करंट पुरला तर ताकद चौपट. ३०० ओहमच्या हेडफोनला याचा उपयोग आहे. संवेदनशील इअरफोनमध्ये मात्र सुसकारा वाढण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा फायदा परतीच्या तारेचा. साध्या ३.५ मिलिमीटर पिनमध्ये (दुकानात ‘ईपी पिन’ मागितली की मिळते ती) डाव्या-उजव्या बाजूंची परतीची वाट एकच असते. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्या सामाईक वाटेचा रोध अर्धा ओहम धरला, तर एका कानातले दुसऱ्या कानात सुमारे ३६ डेसिबल खाली झिरपते. चार तारा वेगळ्या केल्या की ही झिरप थांबते. यापलीकडे ‘आवाज मोकळा झाला’ वगैरे जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे ६ डेसिबलने वाढलेल्या व्हॉल्यूमचे काम आहे. साधी आणि बॅलन्स्ड जोडणी सारख्या व्हॉल्यूमला आणून ऐकल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

बॅलन्स्ड हेडफोनसाठी चार पिनांचा एक्सएलआर (१ डावा +, २ डावा −, ३ उजवा +, ४ उजवा −), २.५ मिलिमीटर आणि ४.४ मिलिमीटर अशा पिना चालतात. नव्या उपकरणांत ४.४ चे प्रमाण जास्त. बॅलन्स्ड वायरीचा हेडफोन अ‍ॅडॅप्टर लावून साध्या सॉकेटला खुशाल जोडता येतो. उलटे करू नये : साध्या पिनमध्ये दोन्ही बाजूंचे − एकत्र असतात, आणि बॅलन्स्ड अ‍ॅम्प्लिफायरला ती पिन जोडली की त्याचे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. अशा उलट्या जोडणीचे अ‍ॅडॅप्टर बाजारात सर्रास विकले जातात. घेण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून अ‍ॅडॅप्टरच्या चार पिनांच्या टोकावर २ आणि ४ तपासावे. बीप वाजला तर तो दुकानदाराला परत द्यावा.