ब्रह्मकमळ गॅलरीत, अतिविष डब्यात

जुलैतल्या एका रात्री साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : 'आज आमच्याकडे सात ब्रह्मकमळं फुलणार, या बघायला.' ठाण्यात पावसाळ्यात हे हमखास होतं. दारात चपलांचा ढीग, गॅलरीत उदबत्ती, कुणी हळदकुंकू वाहतंय, कुणी फ्लॅश मारतंय. फुलं बशीएवढी, पांढरीशुभ्र, वासाने हॉल भरून गेलेला. एक काका मुलांना समजावत होते, "हे हिमालयातलं फूल बरं का. केदारनाथला वाहतात."

मी कॉफी पीत गप्प बसलो. यजमानांच्या घरात असं काही बोलू नये. पण ते फूल हिमालयातलं नाही, ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, कूळ निवडुंगाचं. आपण ज्याला पान म्हणून कुंडीत खोचतो ते खरं तर चपटं झालेलं खोड, म्हणून तर त्याच्या कडेलाच कळी येते. रात्री फुलायचं कारणही सरळ आहे, त्याच्या मूळ देशात परागीभवनासाठी निशाचर पतंग येतात. ठाण्यात त्याची कुणीच वाट पाहत नाही, आपण सोडून. पहाटेपर्यंत फूल मान टाकतं.

खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑबव्हॅलाटा. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. साधारण ३,७०० मीटरच्या वर, खडकांच्या सांदीत, जुलै ते सप्टेंबर. त्याच्या फिकट पिवळ्या, कागदासारख्या पातळ 'पाकळ्या' खरं तर पाकळ्या नसून छदं, म्हणजे फुलांना वेढणारी बदललेली पानं असतात. ती एकमेकांवर मिटून कंदील तयार करतात आणि आत जांभळट फुलांचा गुच्छ दडलेला असतो. अशा झाडांना काचघर वनस्पती म्हणतात. उजेड आत येतो, पाऊस बाहेर राहतो, परागकण भिजत नाहीत. गॅलरीतल्या फुलाशी त्याचं नातं फक्त नावापुरतं.

निघताना पाण्याचा ग्लास ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर सहाण होती आणि शेजारी बाळगुटीचा उघडा डबा. त्या घरात सात महिन्यांचा नातू आहे. (पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, असं डॉक्टर सांगतात आणि मला ते पटतं. आजींनी कितीवर सुरुवात केली ते मी विचारलं नाही.) हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, बदाम, खारीक, आणि कोपऱ्यात राखाडी रंगाचा, गाजराच्या टोकासारखा एक लहानसा तुकडा. घासून घासून एक बाजू पांढरी पडलेली. "हे अतिविष," आजी म्हणाल्या. "संपत आलंय. बाजारात गेलास तर आण, पण चांगलं बघून आण. हल्ली कसलं देतात कोण जाणे."

मला हसू आवरेना. बाहेर वीस माणसं मेक्सिकोच्या निवडुंगाला हिमालयाचं म्हणून हात जोडत होती, आणि हिमालयातली खरीखुरी वनस्पती आत ओट्यावर पडली होती. अतिविष म्हणजे अ‍ॅकोनिटम हेटेरोफायलम, साधारण २,४०० ते ४,५०० मीटर उंचीवर वाढणारं रोप. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई, १,६४६ मीटर. सगळा सह्याद्री पालथा घातला तरी अतिविष मिळायचं नाही.

उंचीचा हिशेब करून बघा. हजार मीटर वर चढलं की हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. ठाण्यात ३० अंश असतील तर ४,००० मीटरवर केवळ उंचीपोटी २६ अंश कमी, म्हणजे उरले ४. पश्चिम हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरवर झाडांची हद्द संपते. त्या वृक्षरेषेच्या वर गवताळ कुरणं लागतात, गढवाली लोक त्यांना बुग्याळ म्हणतात. बर्फ मे-जूनमध्ये वितळतो आणि ऑक्टोबरात पुन्हा पडायला लागतो. उगवणं, फुलणं, बी धरणं, सगळं या तीन-चार महिन्यांत उरकायचं.

बुग्याळावरच्या वनस्पतीची सगळी अक्कल या घाईत दिसते. वर पानं कमी ठेवायची आणि उन्हाळ्यात कमावलेलं जमिनीखाली साठवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी बर्फ हटताच शून्यातून सुरुवात करायला नको. मुळं नि कंद हीच त्यांची फिक्स डिपॉझिट. ती पोखरून खायला उंदरांपासून सगळे टपलेले, म्हणून त्यात कडू, विषारी रसायनं भरून ठेवलेली, तिजोरीला लावलेलं कुलूपच ते. आणि नेमकी तीच रसायनं आपल्याला औषध म्हणून हवीत! अतिविष, कुटकी, जटामांसी, कुठ, बुग्याळावरची ही सगळी नामांकित औषधं जमिनीखालचीच. अडुळशाची पानं खुडली तर अडुळसा पुन्हा फुटतो. इथे औषध काढायचं म्हणजे झाड उपटायचं.

अतिविषाची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. जमिनीत त्याचे कंद जोडीने असतात, आई आणि लेक. यंदाचं खोड आईच्या साठ्यावर उभं राहतं, फुलतं, आणि मोसम संपता संपता आई सुकून जाते. तोवर शेजारी लेक भरलेली असते, ती पुढच्या वर्षीचं झाड. खणणारा जोडीच उचलतो. बी पडायच्या आधी खणलं तर त्या जागी मागे काहीच उरत नाही.

फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. फिकट, जांभळ्या शिरांची, टोपडं घातल्यासारखी. त्या टोपड्यात शिरून मधापर्यंत पोचायचं काम बंबलबी नावाच्या केसाळ माश्या करतात. (ठाण्यात आपण ज्याला भुंगा म्हणतो तो वेगळा, लाकूड पोखरणारा. इथेही नावांची गल्लत आहेच.) थंडीत उडण्याआधी ही माशी पंख न हलवता नुसते उडण्याचे स्नायू थरथरवते आणि छाती ३० अंशांच्या आसपास गरम करून घेते. दुसरे कीटक गारठून बसलेले असताना हिची फेरी सुरू. तिच्याशिवाय अतिविषाला बी धरणं कठीण.

माणसाच्या खणण्याने झाड नुसतं कमी होत नाही, बदलतंही. ब्रह्मकमळाच्या नात्यातलीच एक लोकरीसारखी वनस्पती आहे, सॉसुरिया लॅनिसेप्स, हिमकमळ. तिबेटी आणि चिनी औषधांत तिला मोठी मागणी. वेन लॉ आणि जॅन सॅलिक या संशोधकांनी हर्बेरियममध्ये शतकभर जपून ठेवलेले वाळवलेले नमुने मोजले आणि २००५ मध्ये दाखवून दिलं, की ही वनस्पती काळाबरोबर बुटकी होत गेली आहे. गोळा करणारे सर्वांत उंच, टपोरी झाडं आधी उचलतात, मग बी पाडायला उरतात ती खुजी. जिला फारशी मागणी नाही त्या बहिणीच्या उंचीत असा फरक पडला नव्हता. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी झाड दाबून, वाळवून, तारीख घालून ठेवलं म्हणून हे कळलं. मला हर्बेरियमची कपाटं प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांपेक्षा मोलाची वाटतात ती यासाठी.

वर हवामानाचाही रेटा आहे. ग्लोरिया नावाच्या जागतिक प्रकल्पात शास्त्रज्ञ शिखरांवर एक मीटर लांब-रुंद चौकटी आखतात, त्यातली एकेक वनस्पती नोंदवतात, मातीत दहा सेंटीमीटरवर तापमापक पुरतात आणि काही वर्षांनी पुन्हा येऊन तेच करतात. युरोपातल्या ६० शिखरांची २००१ आणि २००८ ची मोजणी ताडून पाहिली, तर उष्णता मानवणाऱ्या वनस्पतींचा वाटा वाढलेला दिसला. खालच्या वनस्पती वर सरकतात. शिखरावरच्यांनी कुठे सरकायचं?

उपाय म्हणून लोक शेतीकडे बोट दाखवतात. श्रीनगर-गढवालच्या विद्यापीठाचं उच्चप्रदेशीय वनस्पती संशोधन केंद्र तुंगनाथच्या बुग्याळावर याच झाडांवर काम करत आलं आहे : बी कसं रुजवायचं, कमी उंचीवरच्या शेतात ते जगतं का. पण या बियांना बर्फाखालच्या थंडीची सवय. तो गारठा मिळाल्याशिवाय त्यांची झोप मोडत नाही. त्यात कंद भरायला काही वर्षं लागतात, आणि तोवर शेतकऱ्याने खायचं काय?

रविवारी जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन डबे काढले. "हे महाग, हे स्वस्त." महाग तुकडा मोडून दाखवला : बाहेरून राखेच्या रंगाचा, आत खडूसारखा पांढरा. स्वस्तातला तुकडा काळपट, तंतुमय, नाकाशी नेला तर ओल्या मातीचा सुगंध. हा नागरमोथा. "चालतो," दुकानदार म्हणाला.

मला आधी ही लबाडी वाटली. पण आयुर्वेदात 'अभावप्रतिनिधी' नावाची सोय आहे, म्हणजे अमुक द्रव्य मिळेना तर तमुक घ्या, आणि अतिविषासाठी तिथे मुस्ताच सांगितला आहे. मुस्ता म्हणजे हाच मोथा. वंशाने दोघांचा काडीचा संबंध नाही, एक बचनागाच्या कुळातला, दुसरा लव्हाळ्याच्या. म्हणजे अतिविष दुर्मीळ आहे, हे वैद्यांना शेकडो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. आज ते आययुसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे.

महाग तुकडा परत डब्यात ठेवायला लावला आणि मोथा घेऊन आलो. आजींनी वास घेतला. "हे अतिविष नाही," म्हणाल्या. मी अभावप्रतिनिधीची सगळी कथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, मग गॅलरीतून खाली बोट दाखवलं. सोसायटीच्या लॉनवर माळी उकिडवा बसून खुरप्याने तण काढत होता.

"अरे, मोथाच हवा होता तर पैसे कशाला दिलेस? तो बघ, पाटीभर उपटून टाकलाय."