युनिकॉर्न स्वस्त, फुलं महाग

नमस्कार! आमच्याकडे एकशिंगी युनिकॉर्नच्या टॅपेस्ट्रीची, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्राची, ऑर्डर द्यायच्या आधी हे एवढं वाचा, कारण आम्हाला फोनवर सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की "युनिकॉर्न जरा छोटा केला तर किती कमी होतील?" आणि आमचं उत्तर ऐकून लोकांना वाटतं चेष्टा करतायत. कमी नाही होत, वाढतात. युनिकॉर्न लहान केला की बाजूची मोकळी जागा वाढते आणि या चित्रांत मोकळी जागा अशी नसतेच, तिथे सगळी फुलं असतात.

तुमच्यापैकी बहुतेकजण जो फोटो पाठवता तो न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममधला, गोल कुंपणात बसलेला पांढरा युनिकॉर्न. सात टॅपेस्ट्रींच्या सेटमधली ती एक, साधारण 1495 ते 1505 मध्ये विणलेली, उंची 368 सेंटिमीटर, म्हणजे बारा फूट! त्या सेटमध्ये झाडाफुलांच्या 101 जाती मोजल्यात आणि त्यातल्या 85 च्या वर ओळखताही आल्यात, इतकं नीट काम. अंगावरचे लाल थेंब बघून एका काकूंनी "हॉलमध्ये रक्त नको हो" म्हणून ऑर्डर थांबवली होती, तर सांगतो, या चित्रात जखम कुठेच नाहीये, तो वरच्या झाडाच्या उकललेल्या डाळिंबांचा रस आहे असंच म्युझियमवाले सांगतात. आणि केकवर असतो तसा इंद्रधनुष्याच्या आयाळीचा युनिकॉर्न आम्ही करत नाही. जुन्या चित्रांतल्याला बोकडासारखी दाढी असते, खूर दुभंगलेले असतात, आणि शिंगाला जो पीळ असतो तो नारव्हेल नावाच्या समुद्री प्राण्याच्या सुळ्याचा, युरोपात तेव्हा ते सुळे युनिकॉर्नचं शिंग म्हणून सोन्याच्या भावात विकले जायचे.

आता फुलं महाग का ते. टॅपेस्ट्री म्हणजे भरतकाम नाही, कापडावर चित्र काढलेलं नसतं, कापड आणि चित्र एकदमच तयार होतं. ज्यांनी येवल्याला पैठणीचा पदर मागावर बघितलाय त्यांना लगेच कळेल, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी (धागा गुंडाळलेली काडी) आणि ती कांडी फक्त आपल्या रंगाच्या जागेपुरती जाते, तिथूनच परत फिरते, या काठापासून त्या काठापर्यंत धोटा जात नाही. एक फरक असा की आमच्याकडे लोकरीचा बाणा (आडवा धागा) फणीने इतका ठोकतात की ताणा (उभा धागा) दिसतच नाही. युनिकॉर्नच्या पोटाला पांढऱ्या, सायीच्या आणि राखाडी रंगाच्या मिळून चार कांड्या पुरतात, हात सरसर चालतो. तेच तळहाताएवढं व्हायोलेटचं झुडूप घेतलं तर पंधरा कांड्या लोंबत असतात, दोन ओळी झाल्या की एक सोडा दुसरी घ्या, दिवसभर बसून संध्याकाळी बघावं तर चार बोटं काम. दोन बाय तीन फुटांच्या पीसला आम्हाला तीन महिने लागतात त्यातले दोन फुलांतच जातात. (उगाच वेळ काढतायत असं वाटत असेल तर स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यासाठी याच सात टॅपेस्ट्री नव्याने विणल्या, 2001 ला सुरुवात केली आणि शेवटची भिंतीवर लागेपर्यंत 2015 उजाडलं, खर्च 20 लाख पौंड.)

मध्येच व्हॉट्सअपवर मागाचा फोटो पाठवतो तेव्हा घाबरू नका, युनिकॉर्न आडवा पडलेला दिसेल. चित्र आडवं ठेवूनच विणतात, जुन्या काळीही तसंच, काम झाल्यावर फिरवून टांगतात. शिवाय आम्ही पाठीकडून विणतो म्हणून फोटोत धाग्यांची टोकं लोंबताना दिसतात. पैठणीसारखी दोन्हीकडून साफ नसते ही.

रंगांबद्दल आमचीच एक चूक सांगतो. जुन्या विणकरांकडे मुख्य रंग तीनच वनस्पतींचे, लाल मॅडरचा, निळा वोडचा, पिवळा वेल्डचा, आणि हिरवा हवा असेल तर निळ्यावर पिवळा चढवायचा. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची चुलत बहीणच, आणि वोडमध्ये जो रंग असतो तोच आपल्या निळीत, म्हणून लाल आणि निळा आम्हाला इथेच जमला. पिवळ्यासाठी पहिल्या सॅम्पलला हौसेने हळद वापरली, पानं काय सुंदर पोपटी आली होती, आणि गॅलरीच्या दाराशी टांगलं तर दोन महिन्यांत अख्खं गवत निळं! वेल्ड हळदीपेक्षा पुष्कळ टिकतो पण शेवटी पिवळाच आधी उडतो, युरोपातल्या कितीतरी जुन्या टॅपेस्ट्रींतली झाडं त्यामुळेच निळसर दिसतात. 1998 मध्ये क्लॉइस्टर्सवाल्या टॅपेस्ट्रींचं मागचं अस्तर काढलं तेव्हा पाठीमागचे रंग ताजे निघाले, कारण तिथे उजेडच पोचला नव्हता. आता आम्ही डाळिंबाच्या साली तुरटीबरोबर उकळून पिवळा करतो. हळदीपेक्षा बरा आहे, पण समोरून ऊन आलं तर तोही जाणार, गॅरंटी मागू नका.

टांगायला वरच्या कडेला वेलक्रोची पट्टी शिवून देतो, समोरची पट्टी ठोकलेली लाकडी फळीही सोबत असते, ती भिंतीत स्क्रूने बसवायची. कापडात खिळा ठोकायचा नाही, म्हणजे नाहीच. धुवायची नाही, ड्रायक्लीनिंगला आम्हाला न विचारता द्यायची नाही, व्हॅक्युमला पातळ जाळी लावून कमी स्पीडवर वरवर फिरवा, तेही वर्षातून दोनदा बास. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर सरळ काढून ठेवा, घडी न घालता जाड नळीवर गुंडाळून, चित्राची बाजू बाहेर. लोकर आहे, कसर लागते, म्हणून दर महिन्याला पाठ एकदा बघत जा. फ्रेंच राज्यक्रांतीत त्या न्यूयॉर्कवाल्या टॅपेस्ट्री लुटल्या गेल्या, म्हणे बटाटे झाकायला वापरत होते, 1850 नंतर कुठे सापडल्या आणि तरी आज जाग्यावर आहेत, पण ते बघून तुम्ही निष्काळजीपणा करू नका.

ऑर्डरसाठी युनिकॉर्नचा फोटो नको, तो आमच्याकडे आहे. जिथे लावणार त्या भिंतीचा पाठवा, दुपारी चारच्या सुमारास काढलेला, आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे ते दिसू दे.