टीना आन्सेल्मी
टीना आन्सेल्मी (1927–2016) म्हणजे इटलीची पहिली महिला कॅबिनेट मंत्री, आणि त्याच्या कितीतरी आधी, वयाच्या सतराव्या वर्षी, फॅसिस्टांशी लढणाऱ्या पार्टिझन टोळ्यांची निरोप पोचवणारी पोरगी. जन्म 25 मार्च 1927 चा, व्हेनेतो भागातल्या कास्तेलफ्रांको गावातला. वडील समाजवादी विचारांचे, त्यामुळे फॅसिस्टांच्या डोळ्यात आधीपासूनच खुपत होते.

सगळं फिरलं ते 26 सप्टेंबर 1944 ला. टीना तेव्हा बासानो देल ग्राप्पा इथं शिक्षिका व्हायचं शिकत होती. जर्मन आणि त्यांच्या इटालियन फॅसिस्ट साथीदारांनी ग्राप्पा डोंगरात धरपकड करून 31 जणांना गावातल्या रस्त्याकडेच्या झाडांना लटकवलं आणि शाळेतल्या मुलांना मुद्दाम ते बघायला नेलं, म्हणजे पुन्हा कुणी डोकं वर काढायला नको. झालं उलटंच. थोड्याच दिवसांत टीना पार्टिझनांना जाऊन मिळाली, नाव घेतलं गाब्रिएल्ला, आणि सायकलवरून निरोप न्यायला लागली. या कामाला तिकडे स्टाफेट्टा म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नाक्यावर झडती झाली आणि चिठ्ठी सापडली की खेळ खलास. बासानोतला तो रस्ता आता हुतात्म्यांच्या नावाने ओळखला जातो.

डिसेंबर 1944 मध्ये, लढाई चालू असतानाच, तिने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष धरला. युद्धानंतर मिलानच्या कॅथलिक विद्यापीठातून डिग्री, मग प्राथमिक शाळेत शिकवणं आणि कापड गिरण्यांतल्या बायकांची युनियन. 1968 ला खासदार झाली ती 1992 पर्यंत.

29 जुलै 1976 ला कामगार खातं मिळालं. पुढच्याच वर्षी स्त्री-पुरुषांना कामाच्या ठिकाणी समान वागणूक देणारा कायदा आला, त्यात बाळासाठी आईऐवजी बापालाही रजा घेता येईल अशी सोय होती (1977 साली, हे लक्षात घ्या). मग आरोग्य खातं, आणि डिसेंबर 1978 मध्ये सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा. माझ्या मते बाईंचं सगळ्यात मोठं काम हेच. त्याच वर्षीच्या गर्भपाताच्या कायद्यावरही आरोग्यमंत्री म्हणून त्यांची सही आहे, स्वतः पक्क्या कॅथलिक असून.

पण इटलीत नाव निघतं ते पी-2 प्रकरणामुळे. मार्च 1981 मध्ये लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या कागदपत्रांत पी-2 या गुप्त मेसॉनिक लॉजची (फ्रीमेसन मंडळींच्या शाखेची, जिचा म्होरक्या हाच जेल्ली) 962 नावांची यादी सापडली, त्यात मंत्री, जनरल, गुप्तहेर खात्याचे प्रमुख, पत्रकार, आणि तेव्हा नुसता बिल्डर-टीव्हीवाला असलेला, पुढे पंतप्रधान झालेला बर्लुस्कोनीसुद्धा. सरकार पडलं. चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षपदी सभापती नील्दे योत्ती यांनी, म्हणजे कम्युनिस्ट आणि स्वतः फॅसिस्टविरोधी लढ्यातल्या बाईंनी, आन्सेल्मींना बसवलं. पक्ष वेगळे, पण दोघीही त्याच लढ्यातल्या. धमक्या आल्या, स्वपक्षातलेही नाराज झाले, बाई हटल्या नाहीत.

1984 च्या अहवालात त्यांनी चित्र मांडलं ते एकावर एक ठेवलेल्या दोन पिरॅमिडचं, खालचा सरळ, वरचा उलटा, वाळूच्या घड्याळासारखा. खालचा म्हणजे यादीतली माणसं, मधल्या अरुंद जागी जेल्ली. वरच्या पिरॅमिडमध्ये कोण बसलंय, ते समितीला शेवटपर्यंत कळलं नाही.