बुतो नृत्य अणुबॉम्बमधून जन्मले का?

जपानचे बुतो हे आधुनिक नृत्य हिरोशिमा-नागासाकीच्या राखेतून जन्मले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पांढरे रंगवलेले, आक्रसलेले देह पाहून ते पटकन खरेही वाटते. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

बुतोचा आरंभ मानला जाणारा प्रयोग नर्तक तात्सुमी हिजिकाता यांनी १९५९ साली टोकियोत केला. काळोख्या रंगमंचावर एक तरुण नर्तक मांड्यांमध्ये कोंबडी धरतो. विषय समलिंगी आकर्षणाचा होता, बॉम्बचा नव्हे.

या नृत्याचा एक धागा थेट जर्मनीत पोहोचतो. जर्मन नर्तिका मेरी विगमन यांच्या १९२६ सालच्या चेटकीण-नृत्यात मुखवटा चढवलेली नर्तिका जमिनीवर बसूनच तालवाद्यांच्या आघातांवर अंग झटकते, आणि सुंदर दिसण्याचे बॅलेचे बंधन साफ झुगारून देते. त्याच विगमन यांच्याकडे जपानी नर्तक ताकाया एगुची १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस शिकले आणि बुतोचे दुसरे प्रवर्तक काझुओ ओनो पुढे एगुचींचे विद्यार्थी झाले.

तरीही बुतोला जर्मन नृत्याची नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल. विगमन यांचे बंड बॅलेविरुद्ध होते. हिजिकातांचे बंड जपानमध्ये रुळलेल्या पाश्चात्त्य आधुनिक नृत्याविरुद्धही होते, म्हणूनच ते आपल्या ईशान्य जपानमधील शेतकऱ्यांच्या वाकलेल्या गुडघ्यांकडे वळले. युद्धाची सावली बुतोवर निश्चितच आहे, कारण ओनो स्वतः चीन आणि न्यू गिनीत सैनिक होते. परंतु तो अनुभव रणभूमीचा होता, अणुबॉम्बचा नव्हे.